वजन सोडा, काकू

ताईंनी आईचा डावा हात मनगटाशी धरून अलगद वर उचलला, थोडा डोलवला आणि सोडून दिला. हात खाली आला नाही. गादीपासून वीतभर उंचीवर तसाच राहिला, कोपर ताठ, बोटं किंचित वळलेली. आईचे डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता, आणि आपला हात हवेत आहे याचा तिला पत्ताही नव्हता. "काकू, वजन सोडा. हात माझ्याकडे द्या," ताई म्हणाल्या. आईने "हो हो" म्हणत हात पटकन खाली घेतला. त्यांनी पुन्हा उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी धरायच्या आधीच आईचा हात मदतीला वर आला. ताई समजावत बसल्या नाहीत. त्यांनी तो हात गादीवर ठेवला, त्यावर आपला तळवा थोडा वेळ नुसता ठेवून दिला आणि मग खांद्याकडे वळल्या. जरा वेळाने आई डोळे न उघडताच म्हणाली, "बास झालं गं आता. तुझे अंगठे दुखत असतील."

मी भिंतीशी खुर्चीत बसून हे पाहत होते. उपचार घ्यायला आलेल्या बाईने उपचार करणाऱ्या बाईची काळजी करावी, हे आईच्या स्वभावाला धरूनच होतं. त्याचं मला नवल वाटलं नाही.

पण तो हवेत राहिलेला हात माझ्या डोक्यातून जाईना.

ठाण्याच्या चरईतल्या एका जुन्या दुमजली इमारतीत, तळमजल्यावर, ही जागा आहे. दारावर छोटी पाटी: ॲक्युपंक्चर व जपानी ॲक्युप्रेशर. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून वरची निम्मी बिऱ्हाडं आधीच हललेली आहेत. जिन्यात कुणाचं तरी न नेलेलं कपाट उभं आहे. आत दोनच खोल्या. पुढच्या खोलीत सुयांसाठी उंच टेबल, मागच्या खोलीत जमिनीवर जाड सुती गादी आणि पांढरी चादर. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न येतात. अशा ठिकाणी मंद संगीत वगैरे लावलेलं असेल अशी माझी अटकळ होती. इथे काहीच लावलेलं नव्हतं, आणि ते मला फार बरं वाटलं. भिंतीवर राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र होतं. या उपचारासाठी आपल्या राज्यात स्वतंत्र कायदा झालेला आहे, त्यामुळे ते प्रमाणपत्र आधी बघावं, मगच आत पाऊल टाकावं, असं मी कुणालाही सांगेन.

आईचं दुखणं तिच्या वयाच्या पुष्कळ बायकांचं असतं तेच. गुडघ्यांची झीज, आणि आखडलेली मान. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून नीट समजावून सांगितलं होतं, फिजिओथेरपी झाली होती, तिचा गुणही आला होता. पण रात्री मान धरून जाग येणं काही थांबलं नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक बाई या ताईंकडे जात असत, त्यांनी सुचवलं. सुयांचं नाव काढल्यावर आईने सरळ नकार दिला. "या वयात टोचून घेऊ का आता?" तेव्हा मी तिला कोटणीसांची आठवण करून दिली. आई सोलापूरची. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे तिच्या माहेरच्या गावाचं अभिमानाचं नाव. १९३८ साली काँग्रेसने चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते, आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. एवढं तिला पाठ आहे. त्याच पथकात कोलकात्याचे डॉक्टर विजयकुमार बसू होते. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनीच ते भारतात रुजवलं, हे तिला ठाऊक नव्हतं. "कोटणीसांच्या बरोबरचे का?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "जाऊन बघू या तर मग." पुढे तिच्याच लक्षात आलं की कोटणीस गेले होते ते जपानच्या आक्रमणाने घायाळ झालेल्या चीनमध्ये, आणि इथे एकाच छताखाली पुढच्या खोलीत चिनी सुया आहेत आणि मागच्या खोलीत जपानी बोटं. यावर ती बराच वेळ गप्प होती. मला वाटतं, ते तिला आवडलं असावं.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ प्रश्नांतच गेला. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, साखर किती असते, हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय का, मध्यंतरी कुठे पडलात का. झोप कशी लागते, पाय गार पडतात का, जेवण कुणाबरोबर करता. या शेवटच्या प्रश्नावर आईने माझ्याकडे पाहिलं. मग ताईंनी तिची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. जुन्या वैद्यांकडे गेलेल्या माणसाला यात अपरिचित काही नाही. चालू गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना हे सांगून ठेवा, असं त्यांनी न विचारता सांगितलं, आणि गुडघ्याची झीज माझ्या हाताने भरून येणार नाही, दुखणं आणि आखडलेपण कमी होतंय का ते आपण पाहू, हेही. माझा विश्वास बसला तो या वाक्याने.

सुया केसाइतक्या बारीक, एकेक वेगळी सीलबंद, वापरली की पिवळ्या डब्यात. प्रत्येक सुई एका छोट्या प्लास्टिकच्या नळीत बसवलेली असते. नळी त्वचेवर टेकवायची, वर आलेल्या सुईच्या टोकावर बोटाने टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची. टोचल्याचं कळतच नाही. आईने गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या बाजूला पहिली सुई गेल्यावर डोळे उघडले आणि म्हणाली, "झालं?" मग एका क्षणाने, "आत्ता जड वाटतंय. आत कुठेतरी खोल." ताईंनी मान डोलावली, त्यांना तेच हवं होतं. ही नळी सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची नावाच्या एका जपानी उपचारकाच्या नावावर आहे. वाइची लहानपणीच आंधळा झालेला. शिकायला गेला, पण हात बसेना, गुरूने घरी पाठवून दिलं. तेव्हा तो एनोशिमा बेटावर देवीच्या गुहेत उपास करायला बसला, आणि बाहेर येताना ठेचकाळून पडला तेव्हा त्याला नळीत अडकलेली पाइनची सुई टोचली, अशी आख्यायिका आहे. ती देवी बेन्झाइतेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानपर्यंत पोचलेली आपली सरस्वतीच. पुढे वाइची शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाचा, उपचारक झाला आणि त्याने अंध मुलांना हे काम शिकवणाऱ्या शाळा काढल्या. जपानमध्ये मर्दन आणि सुयांचं काम पिढ्यान्‌पिढ्या अंधांनी सांभाळलं. डोळ्यांनी न पाहता, केवळ बोटांनी दुसऱ्याच्या शरीराची वाट काढणारी माणसं! ताई पाठीवरून अंगठा फिरवताना नेहमी खिडकीबाहेर किंवा कुठेच न बघता का बसतात, ते मला हे कळल्यावर उमगलं.

त्या खोलीला एक वास आहे. मानेच्या मागे सुयांनंतर ताई एक जळती कांडी त्वचेपासून चार बोटांवर धरतात. ऊब आत शिरते आणि धुराचा कडवट, गवताळ वास मागे राहतो. कांडी पेटवण्याआधी आईने ती हातात घेऊन हुंगली आणि म्हणाली, "दवण्याच्या जातीचं दिसतंय." ताई चकित झाल्या. ती वनस्पती खरोखरच दवण्याच्या प्रजातीतली आहे. चैत्रात देवाला दवणा वाहणाऱ्या बाईला एवढं कळायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

मग मागची खोली. अंगावरचे कपडे तसेच, तेल नाही, चोळणं नाही. शिआत्सूत, म्हणजे पाटीवरच्या त्या जपानी ॲक्युप्रेशरमध्ये, दाब सरळ खाली, लंबरेषेत जातो, आणि तो स्नायूंच्या जोराने द्यायचा नसतो. ताई गुडघ्यांवर बसतात, हात सरळ ठेवतात आणि अंग पुढे झुकवतात. जो भार पडतो तो त्यांच्या अख्ख्या शरीराचा असतो. आईने हे पहिल्याच दिवशी ओळखलं. "ही कणिक तिंबते तशी दाबते," ती घरी आल्यावर म्हणाली, "मनगटाने नाही, अंगाने." एक हात एका जागी स्थिर असतो, ऐकत असतो, आणि दुसरा पाठीच्या कण्याशेजारून बोट बोट खाली सरकत जातो. एका जागी थांबतो, श्वास बाहेर पडेपर्यंत वाट पाहतो, मग उतरतो. काही जागांवर आईच्या तोंडून "आई गं" निघतं, आणि त्या जागा तिने दुखतात म्हणून दाखवलेल्या जागांहून बऱ्याच लांब असतात. पोटरीत. दंडाच्या आतल्या बाजूला. खुब्याच्या मागे. इतकी वर्षं कुणी तिथवर पोचलंच नव्हतं, तर दुखतंय हे कळणार कुठून?

आधुनिक जपानमध्ये ज्यांनी शिआत्सूला नाव आणि रूप दिलं, त्या तोकुजिरो नामिकोशींची हकीकत मला ताईंनी सांगितली. जन्म १९०५ चा. तो सात वर्षांचा असताना कुटुंब दक्षिणेकडच्या शिकोकू बेटावरून अगदी उत्तरेला, होक्काइदोच्या थंडीत राहायला गेलं. तिथे आईचे सांधे धरले. जवळपास डॉक्टर नव्हता. मुलं आळीपाळीने आईचं अंग दाबत, आणि ती म्हणे, तोकुजिरोचा हात सगळ्यांत बरा वाटतो. त्या हाताने तो कुठे गार लागतंय, कुठे घट्ट लागतंय, हे शोधत गेला. आई बरी झाली. १९४० मध्ये त्यांनी तोक्योत शाळा काढली, १९६४ मध्ये जपान सरकारने शिआत्सूला मर्दनाहून वेगळी, स्वतंत्र पद्धत म्हणून मान्यता दिली. या सगळ्या इतिहासात मला अडकवून ठेवते ती सुरुवात. सात वर्षांचा मुलगा आणि त्याच्यापुढे आडवी झालेली आई. तिने त्याला दाबू दिलं. हाताला वळण लागेपर्यंत अंग त्याच्या स्वाधीन केलं.

आमच्या घरात असं कधी घडलं नाही.

आमच्या घरात दाबणं पुष्कळ होतं. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. संध्याकाळी आजोबा पालथे झोपून "पाय द्या रे पाठीवर" म्हणत, आणि आम्ही मुलं भिंतीचा आधार घेऊन त्यांच्या पाठीवरून चालत असू. काकांचं डोकं दुखलं की आई अमृतांजन लावून देई. आणि रात्री, ओटा धुऊन झाल्यावर, ती आजीच्या पायथ्याशी बसे. महापालिकेच्या शाळेत दिवसभर उभं राहून शिकवून आलेली बाई, आजीचे पाय मांडीवर घेऊन टाचेपासून गुडघ्यापर्यंत चेपत जाई. बांगड्यांचा एक संथ ठेका असायचा, मी त्याच ठेक्यावर झोपत असे. ती सक्ती होती का? आईला विचारलं तर ती म्हणते, "नाही गं, त्यांचे पाय खरंच दुखायचे." त्यात प्रेम नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही, शेवटच्या आजारपणात आजी दुसऱ्या कुणाचा हात लावून घेत नसे. पण त्या घरात स्पर्शाला उतार होता, आणि तो नेहमी एकाच बाजूने वाहत होता. आईच्या पायांपाशी बसलेलं मी कुणालाही पाहिलेलं नाही.

मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला की आईच्या अंगाला, आजार सोडून, दुसऱ्या कुणाचा हात निवांतपणे कधी लागला असेल. मला एकच काळ सापडला, तोही ऐकीव. माझ्या जन्मानंतरचा सव्वा महिना. सोलापुरात माहेरी रोज सकाळी मालिशवाली येई, आधी बाळाला, मग बाळंतिणीला कोमट तेलाने रगडे, मग कढत पाणी, मग खाटेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी. आई अजूनही त्या बाईच्या हातांबद्दल बोलते. आपल्याकडच्या बाईच्या आयुष्यात अंग दुसऱ्याच्या हाती सोपवायला राजमान्य असा काळ तेवढाच, आणि तोही मूल जन्माला घातल्यावरच. दिवाळीतही पाहा. नरकचतुर्दशीला पहाटे आई आम्हाला सगळ्यांना पाटावर बसवून तेल लावायची, उटणं लावायची, पाडव्याला बाबांना. तिचं अभ्यंग मोरीचं दार लावून, घाईघाईत, फराळाची ताटं करायच्या आधी. पाठीला तिने तेल कसं लावलं असेल, हा प्रश्न मला परवा पहिल्यांदा पडला. पाठ राहूनच गेली असणार.

तेव्हा तो हात हवेत का राहतो, हे मला हळूहळू दिसू लागलं. शरीराला सवय लागते. कुणी आपल्याकडे हात पुढे केला म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे, असंच त्या हाताने आयुष्यभर शिकलं आहे. ताई म्हणाल्या की हे त्या रोज बघतात. पुरुष बहुधा अंग लवकर सोडतात, कधीकधी पाचव्या मिनिटाला घोरू लागतात. बायका मान उचलून उशी सरळ करून देतात, पाय उचलायचा म्हटलं की आधी स्वतःच उचलतात, आणि सारख्या विचारतात, तुम्ही थकला असाल ना.

याने गुण येतो का, असं मला ऑफिसात विचारतात. यावर झालेल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक मला फार विचार करण्याजोगा वाटतो. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर केलेला हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला शास्त्रानुसार सुया, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम असे रूढ उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के लोकांना ठळक आराम होता, चुकीच्या सुयांच्या गटात ४४ टक्के, आणि रूढ उपचारांच्या गटात २७ टक्के. संशयी माणूस म्हणतो, बघा, बिंदू वगैरे काही नाही. विश्वास असलेला म्हणतो, बघा, गोळ्यांपेक्षा बरं. मला त्या आकड्यांत तिसरंच काही दिसतं. खऱ्या सुया असोत की चुकीच्या, त्या दोन्ही गटांतल्या माणसांना प्रत्येक वेळी अर्धा तास स्वस्थ पडून राहायला मिळालं होतं, आणि कुणीतरी त्यांच्या शरीराकडे बारकाईने लक्ष देत होतं. हे औषध नाही असं म्हणणारे म्हणोत. माझी आई आता रात्री एकदा उठते, मानेसाठी नाही, पाण्यासाठी. गुडघे जिना चढताना अजून कुरकुरतात, आणि ते तसे कुरकुरणारच.

तिने हे घ्यायला होकार का दिला असेल, याचाही मी विचार करते. मी घरी एकदा तिचे पाय मांडीवर घेऊ पाहिले, ताईंनी दाखवलेल्या जागा दाबायला. तिने पाय ओढून घेतले. "लेकीकडून पाय दाबून घेऊ का?" पण ताईंकडे ती जाते, कारण तिथे ती स्वतःच्या पेन्शनमधून फी देते. पाकिटातून नोटा काढून, मोजून, उजव्या हाताने. उपकार नाही, परतफेड राहत नाही. पैसे दिले की माया आटते असं आपण म्हणतो, मला ते पटेनासं झालंय. ठाणे स्टेशनात सकाळी बायकांच्या डब्यात आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या असतो की दुसरीचा श्वास कळतो, आणि उतरताना एकीलाही दुसरीचा चेहरा आठवत नाही. त्या मानाने चरईतल्या त्या गादीवरचा, पैसे मोजून घेतलेला तास कितीतरी आपुलकीचा आहे.

मागच्या महिन्यात आई म्हणाली, "मंगळवारी तू येऊ नकोस. मी जाईन." मला वाटलं, तिला माझी रजा वाया जाण्याची काळजी आहे. तसं म्हटलं, तर ती थोडी घुटमळली. "तू समोर बसलीस ना, की मला नीट पडता येत नाही गं. तुझं लक्ष असतं माझ्याकडे. मग मला वाटत राहतं, हिचा चहा झाला नाही, हिला उशीर होतोय." मला लागलं, हे खरं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी मोकळंही वाटलं. मी तिथे असेपर्यंत ती आईच राहणार होती, गादीवर आडवी होऊनसुद्धा.

तेव्हापासून ती एकटी जाते. एकदा राहवलं नाही म्हणून मी ताईंना फोन करून विचारलं, कशी आहे आता आई, हात सोडते का. त्या अतिशय गोडीने म्हणाल्या, "ते काकूंनाच विचारा ना." आईला विचारलं, तर तिने मला ताईंच्या इमारतीच्या बातम्या सांगितल्या. जागा रिकामी करायची नोटीस लागली आहे, ताई दुसरी खोली बघताहेत, कोपरीला मिळेल, नाहीतर खाडीपलीकडे कळव्याला. मी म्हटलं, कळवा तुला लांब पडेल, आपण इकडेच दुसरं कुणी बघू. आईने माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरच्या डायरीतला कागद पुढे सरकवला. कळव्याच्या बस स्टेशनजवळ कुठून सुटतात, किती वाजता सुटतात आणि परतीची शेवटची कुठली, हे तिने तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं.